घर आधी की जमीन? आइनस्टाइनच्या लाकडी घराची गोष्ट



मागच्या आठवड्यात स्टुटगार्टहून माझ्या मावसभावाचा फोन आला. दादा तिकडे नोकरीला असतो. म्हणाला, "अरे, कारखान्यात तयार होणारं घर घेतोय. कंपनी म्हणते, घराच्या करारावर आज सही करा, प्लॉट पण आम्हीच बघून देतो. करू का सही?" मी म्हटलं, "थांब दादा, आधी एक गोष्ट ऐक." तीच आज तुम्हालाही सांगतो.

साल 1929. 14 मार्चला आल्बर्ट आइनस्टाइन पन्नास वर्षांचे झाले. बर्लिनचे महापौर होते गुस्ताव्ह ब्योस. पालिकेने ठरवलं, एवढ्या मोठ्या माणसाला पाण्याकाठी जागा भेट द्यायची. बातमी पेपरात आली. ती वाचून कोनराड वाक्समान नावाचा विशीतला आर्किटेक्ट थेट आइनस्टाइनच्या दारात हजर! तो नीस्की गावच्या 'क्रिस्टोफ अँड उनमाक' या कंपनीशी जोडलेला. लाकडी घरांचे भाग कारखान्यात तयार करायचे आणि जागेवर नेऊन जोडायचे, हा कंपनीचा धंदा.

म्हणजे घर बांधणारा मिळाला. जमिनीचं काय? पालिकेने दाखवलेल्या जागेवर आधीपासून राहणाऱ्यांचा हक्क निघाला. दुसऱ्या जागेतही अडचण. शेवटी पालिका म्हणाली, तुम्हीच जागा शोधा, पैसे आम्ही देतो. पॉट्सडॅमजवळ कापुट गावात जागा सापडली, तर इकडे पालिकेच्या सभेत भेटीवरूनच वाद पेटला. आइनस्टाइन कंटाळले. भेट नाकारली, स्वतःच्या पैशाने जमीन घेतली आणि त्यावर वाक्समानचं घर उभं राहिलं. ते आजही उभं आहे.

आइनस्टाइनसारख्या माणसालाही 'जमीन आम्ही देतो' हा शब्द पुरला नाही. घराचे भाग कारखान्यात कितीही बनतील हो, जमीन बनत नाही. ती ज्याच्या हातात, त्याचं पारडं जड.

हे जर्मन सरकारलाही उमगलं. 1971 साली कायदा आला: जमीन हवी तर अमुकच आर्किटेक्ट घ्या, अशी अट घालायला बंदी. पण ही बंदी आर्किटेक्ट-इंजिनिअरपुरती. अख्खं घर बांधून देणारी कंपनी तिच्यात येत नाही. दादाला जे सांगितलं जातंय, ते याच फटीतून.

मग दादाचं रक्षण कोण करणार? एक, नोटरी. आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारतात, तसा नव्हे. तिथे जमिनीचा व्यवहार नोटरीसमोरच होतो, आणि जमीन व घर हे करार एकमेकांवर अवलंबून असतील तर घराचा करारही तिथेच व्हावा लागतो. नुसत्या कागदावर सही केली, तर तो रद्दबातल ठरू शकतो.

दोन, कर. 2006 पर्यंत जमीन खरेदीवर देशभर 3.5 टक्के कर होता. आता प्रत्येक राज्याचा दर वेगळा. बव्हेरियात अजून 3.5, दादाच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 5. समजा जमीन 2 लाख युरोची, घर 4 लाखांचं. दोन्ही वेगवेगळे घेतले तर कर फक्त जमिनीवर, म्हणजे 10 हजार. पण दोन्ही एकाच व्यवहाराचा भाग आहेत असं कर खात्याने धरलं, तर घरावरही कर लागतो. थेट 30 हजार! "प्लॉट आम्हीच बघून देतो" हे गोड वाक्य 20 हजार युरोला पडू शकतं.

दादाला मी एवढंच म्हटलं, आधी जमीन बघ, ती नाही मिळाली तर घराच्या करारातून फुकट बाहेर पडता येईल हे लेखी घे, आणि सहीआधी वकिलाला दाखव. दादाने सही थांबवली आहे.

आइनस्टाइनना त्या घरात जेमतेम तीन उन्हाळे मिळाले. डिसेंबर 1932 मध्ये ते जर्मनीबाहेर पडले, ते परतलेच नाहीत. 1935 मध्ये नाझी सरकारने ते घर जप्त केलं. स्वतःच्या पैशाने घेतलेली जमीनसुद्धा राज्य फिरलं की हातची जाते. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

तोवर, सही जपून करा मंडळी. भेटूया पुढच्या भागात!