विद्यापीठाच्या उंबरठ्याबाहेर

नांदेडला विद्यापीठ आले ते १९९४ साली. औरंगाबादचे त्याआधी, १९५८ साली. त्यापूर्वी हैदराबाद संस्थानात विद्यापीठ म्हणजे १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. मग नांदेड-लातूरकडील वाड्यांत पडलेल्या मोडी दप्तरांचा अभ्यास करू पाहणाऱ्याने दाद मागावी कोठे?

उत्तर पुण्यात मिळत होते. ७ जुलै १९१० रोजी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. राजवाडे कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. गावोगाव हिंडून मिळविलेल्या कागदपत्रांचे त्यांनी १८९८ पासून बावीस खंड काढले. मंडळाची खरी शक्ती, आमच्या मते, त्याच्या सभांत होती. कोणा अभ्यासकाने एखादे जुने पत्र वा शिलालेखाचा ठसा आणावा, टिपण वाचावे, जाणकारांनी मिती तपासावी, अक्षराच्या वाचनावर हरकत घ्यावी, मगच ते छापावे. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याला हरकत घेणारा भेटत नाही. (स्तुती करणारे पुष्कळ भेटतात!)

दुसरा लाभ माणसाच्या पश्चात कळतो. १९२६ च्या अखेरच्या दिवशी राजवाडे धुळ्यास वारले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले, म्हणून ते कागद टिकले. वाचकांना येथे बोलांदिस्त मंडळाची आठवण होईल. येशूसंघीय फादर जाँ बोलाँ यांनी संतचरित्रांच्या चिकित्सेचे पहिले खंड १६४३ साली अँटवर्पला छापले. पुढे काम बंद पडले, १८३७ साली ब्रुसेल्सला पुन्हा सुरू झाले आणि आजही चालू आहे. एका माणसाच्या आयुष्यात हे मावणारे नव्हते.

आमच्या भागातही माणसे होती. सेतुमाधवराव पगडी १९१० साली निलंग्यात जन्मले. हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना ते आदिलाबादकडे गोंडी शिकले, त्या भाषेचे व्याकरण लिहिले. मोगल दरबारची फारसी बातमीपत्रे मराठीत आणली. कचेरी सांभाळून हे सारे! नांदेडला विद्यापीठ निघाले त्याच वर्षी ते निवर्तले.

विद्यापीठ पदवी देते, मार्गदर्शक देते, ते हवेच. परंतु कंधारच्या वा औशाच्या शिक्षकाला घरातल्या पेटीत आजोबांचे दप्तर सापडले, तर ते उलगडून शेजारी बसणारे चार जाणकार त्याला गावाजवळ हवेत. मोडी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत, आणि वाळवी काही थांबत नाही.