दाखल-खारीज

आमच्या कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या जिल्हा परिषद शाळेत जा. मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, कापडी पाठीचे एक जाडजूड रजिस्टर असते. त्याचे नाव दाखल-खारीज. निजामी राजवट गेली, १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९९९मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हे फारसी नाव मात्र कपाटातून हलले नाही. लोक ते उघडायला लावतात जन्मतारखेसाठी, जातीच्या पुराव्यासाठी. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा या रजिस्टरांवरची कित्येक वर्षांची धूळ एका झटक्यात उडाली. मी ते वाचतो उजव्या बाजूने. तिथे एक रकाना असतो : शाळा सोडल्याचे कारण. ‘सतत गैरहजर’, ‘गाव सोडले’, ‘नाव कमी केले’. एवढ्याशा शब्दांत एकेक बालपण आटोपलेले असते.

या रकान्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास आपल्याकडे कधी सुरू झाला, हे पाहू लागलो तेव्हा पहिला थांबा मिळाला १९२९चा. सायमन कमिशनला साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या सर फिलिप हार्टोग यांच्या समितीने त्या वर्षी अहवाल दिला आणि दोन शब्द रूढ केले. शिक्षण पुरे होण्याआधी मूल शाळा सोडते ती गळती. एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे बसून राहते ती स्थगिती. समितीने ब्रिटिश हिंदुस्थानचा हिशेब मांडला : १९२२-२३मध्ये पहिलीत शंभर मुले होती, तर १९२५-२६मध्ये चौथीत अठराच. यावरून तिने सल्ला दिला की नव्या शाळा उघडण्याची घाई नको, आधी आहेत त्या नीट करा.

हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. समजा, एका गावात दरवर्षी पहिलीच्या पटावर चाळीस मुले आहेत. त्यांतली पंचवीसच नवी. उरलेली पंधरा मागच्या वर्षीची, नापास होऊन तिथेच बसलेली. तीन वर्षांनी चौथीत नव्याने दहा मुले पोचली. चाळिसातून दहा म्हटले तर शंभरातली पंचवीस पोचली. पण शाळेत खरोखर आली होती पंचवीसच. मग तेच प्रमाण चाळीसवर जाते. म्हणजे जी मुले अजून शाळेतच आहेत, पहिलीच्या फळ्यासमोर बसून आहेत, तीही गळालेल्यांच्या खात्यात पडली. फरक नुसत्या आकड्यांचा नाही. गळती म्हटली की बोट आईबापांकडे जाते. स्थगिती म्हटली की ते शाळेकडे वळते.

हार्टोग समितीच्या सल्ल्याला मराठी माणसांतून ठाम उत्तर दिले ते रा. वि. परुळेकरांनी. मुंबई नगरपालिकेच्या शाळांच्या कारभारात मुरलेला हा माणूस. त्यांचे ‘लिटरसी इन इंडिया’ १९३९चे. आधी सगळी मुले शाळेत येऊ द्या, दर्जाच्या नावाखाली दार लोटू नका, असा त्यांचा एकूण रोख. एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई इलाख्यातल्या गावठी शाळांची जी पाहणी झाली होती, तिचे दप्तर धुंडाळून त्यांनी ते १९४५मध्ये छापून आणले. विद्यापीठात खुर्ची नसताना कारकुनी कागदांतून इतिहास काढता येतो हे मी त्यांच्याकडून शिकलो. १९४८मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था उभी राहिली, तिच्यामागे परुळेकर आणि जे. पी. नाईक ही जोडी होती. ही संस्था १९७६मध्ये पुण्याला आली. दिवसा गुरे राखणाऱ्या, भावंडे सांभाळणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवून चित्रा नाईकांनी त्यांचा जो अभ्यास केला, तो याच संस्थेतला.

पण मला ज्या पुस्तकाने धरून ठेवले ते वेगळेच. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९५५मध्ये छापलेले, धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांचे, सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणावरचे. दांडेकर म्हटले की आपल्याला निळकंठ रथांबरोबरचे दारिद्र्यावरचे पुस्तक आठवते. त्याच्या कितीतरी आधी हे संख्याशास्त्री शाळेच्या पटाकडे वळले होते. या पुस्तकात दोन पाहण्या आहेत. पहिली गळती आणि स्थगितीची. दुसरीचा विषय असा : शाळा सोडून गेलेला माणूस पुढे पुन्हा निरक्षर होतो का?

हा प्रश्न वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. माझी आक्का तिसरीतून निघाली, कारण मी जन्मलो आणि माय मजुरीला जायची. तिच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ लिहिलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. गैरहजर ती शाळेत होती. घरी माझ्या पाळण्यापाशी रोज हजर होती. तिसरीत असताना ती धडा खडाखडा वाचायची असे माय सांगे. आज ती सही करते, आणि स्टँडवर शेजारच्याला विचारते, ‘भाऊ, ही हिंगोलीची का?’ जनगणनेत तिची नोंद साक्षर अशी आहे.

साताऱ्यात कोणीतरी हा प्रश्न विचारला, तेव्हा कळमनुरी हैदराबाद संस्थानाच्या, मग राज्याच्या नकाशात होती. तिथल्या शिक्षणाची किल्ली उर्दू होती. १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ त्याच भाषेत सुरू झाले. घरात मराठी, तांड्यावर बंजारा बोली, आणि पुढे शिकायचे तर उर्दू. अशा मुलाची स्थगिती मोजायची तर साताऱ्याची फूटपट्टी पुरली नसती.

भाषेचा हा धागा हाती घेतला तो फार उशिरा झालेल्या एका अभ्यासाने. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या शैलजा मेनन आणि वाड्याची ‘क्वेस्ट’ संस्था यांनी पहिलीच्या मुलांना तिसरीपर्यंत सोबत केली. मराठीसाठी पालघरमधला वाडा आणि कन्नडसाठी यादगीर. यादगीर हा आमच्यासारखाच निजामाच्या राज्यातला मुलूख, म्हणून त्या नावापाशी मी जरा अधिक रेंगाळलो. या अभ्यासाने पटावरून नजर उचलून वर्गात पाहिले. मुले फळ्यावरून उतरवून घेण्यात तास घालवतात. अक्षरओळख महिनोन्महिने चालते, तोवर अर्थ ताटकळत बाहेर उभा. मूल घरून जी बोली घेऊन येते तिला वर्गात जागा नाही. नाव पटावर, हजेरी लागलेली, आणि वाचता मात्र येत नाही. २००५पासून ‘असर’ची पाहणीही हेच सांगत आली आहे. शिक्षण हक्काच्या कायद्याने २०१०पासून नापास करणे थांबवले तेव्हा स्थगिती हा शब्द कागदावरून गेला; वर्गातून गेला असे म्हणवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात इसापूर धरणाकडच्या एका गावी रजिस्टर पाहत बसलो होतो. तरुण गुरुजींनी विचारले, ‘काका, जन्मतारीख काढायची का कोणाची?’ मी म्हटले, कारणे उतरवून घेतोय. ते शेजारी येऊन बसले आणि एकेक नाव वाचून दाखवू लागले. तिसऱ्या पानावर थांबले. म्हणाले, ‘ही माझी आजी.’ रकान्यात कारण लिहायचे राहून गेले होते.