बंद पडलेल्या खेळण्याचं पुढे काय होतं?

खेळण्यांच्या इतिहासाबद्दल बोलताना आपण बहुधा ते कधी निघालं, कुणी काढलं, किती खपलं, एवढ्यावर थांबतो. आज उलट्या टोकाकडून सुरुवात करू. कारखान्याने एखादं खेळणं बनवायचं थांबवलं, दुकानातूनही ते गेलं; त्यानंतर त्याचा इतिहास संपतो का? यासाठी आपण एकच उदाहरण घेणार आहोत, लेगो कंपनीच्या ‘बायोनिकल’ या मालिकेचं.

थोडी पार्श्वभूमी. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. त्यातून पुढे लेगो कंपनी उभी राहिली. आज आपण ओळखतो त्या प्लास्टिकच्या विटेचं पेटंट १९५८ चं. १९७७ मध्ये कंपनीने दातेरी चाकं, भोकांच्या पट्ट्या आणि दांडे असलेली एक वेगळी शाखा काढली. तिचंच नाव पुढे ‘टेक्निक’ पडलं. ज्यांनी लहानपणी मेकॅनो जोडला आहे त्यांना ही जात लगेच समजेल. फरक एवढाच, की इथे नट-बोल्ट नाहीत. खुंटी भोकात दाबली की बसते.

१९९८ मध्ये कंपनीला पहिल्यांदा तोटा झाला. मुलं विटा सोडून पडद्याकडे वळत होती. याच सुमारास टेक्निकच्या सुट्या भागांमधून उभ्या राहणाऱ्या आकृत्या आल्या: १९९९ मध्ये ‘स्लायझर’, २००० मध्ये ‘रोबोरायडर्स’ आणि २००१ मध्ये ‘बायोनिकल’. ‘बायोलॉजिकल’ आणि ‘क्रॉनिकल’ हे दोन शब्द जोडून हे नाव तयार झालं. या विश्वाच्या जडणघडणीत कलादिग्दर्शक ख्रिस्टियन फेबर यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या मेंदूत गाठ होती आणि तिच्यासाठी त्यांना नियमित औषध घ्यावं लागे. शरीरात शिरून आजाराशी लढणारे सूक्ष्म सैनिक, ही कल्पना त्यांना तिथेच सुचली, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. मालिकेतले सहा वीर, म्हणजे ‘तोआ’, बंद डब्यातून समुद्रकिनारी येऊन पडतात. दुकानातही ते तशाच डब्यात मिळत. ज्या बेटावर ते उतरले, ते एका झोपलेल्या महाकाय यंत्रमानवाच्या चेहऱ्यावर वसलेलं आहे, हे वाचकांना २००८ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी कळलं! तोपर्यंत कॉमिक्स, कादंबऱ्या आणि चित्रपट यांतून कथा वाढतच होती.

आता मुद्द्याकडे येऊ. या खेळण्यात दोन गोष्टी अशा होत्या की त्या कंपनीच्या हातात राहणारच नव्हत्या.

पहिली म्हणजे सांधा. टोकाला गोळा असलेला दांडा खोबणीत दाबून बसवायचा; हात-पाय फिरतात आणि जिथे सोडाल तिथे राहतात. मालिकेतल्या एका आकृतीचा गोळा दुसऱ्या आकृतीच्या खोबणीत सहज बसे. शिवाय दांडा आणि खुंटी टेक्निकच्याच मापाची, त्यामुळे जुन्या क्रेनचा किंवा गाडीचा भागही चाले. दुसरी गोष्ट म्हणजे मोडण्याची परवानगी. २००१ मध्ये कंपनीनेच तीन तोआ सुटे करून त्यांचा एक मोठा वीर कसा जोडायचा, हे दाखवलं होतं. एकदा मोडून वेगळं काही केलं की मुलाला कळतं, डब्यावरचं चित्र ही फक्त एक सूचना आहे.

इथून ‘मॉक’ची परंपरा सुरू होते. ‘माय ओन क्रिएशन’ या इंग्रजी शब्दांचं हे लघुरूप. लेगोच्या जगात स्वतः कल्पून बांधलेल्या कोणत्याही कृतीला मॉकच म्हणतात. बायोनिकलच्या चाहत्यांची सुरुवात साधी होती. लाल तोआला निळे हात लावायचे, मुखवटा बदलायचा, नवं नाव द्यायचं आणि त्याला एक गोष्ट जोडायची. पुढे कमतरता टोचू लागल्या. पहिल्या तोआंपैकी बहुतेकांचे गुडघेच वाकत नसत. मग लोक गुडघे बनवू लागले. छाती एकाच ठोकळ्याची होती, म्हणून टेक्निकच्या पट्ट्यांची छाती बांधली गेली. मुखवटा गुडघ्याची वाटी झाला, पाऊल खांद्याचं चिलखत झालं, शस्त्राचं पातं पंखाचं पीस झालं. कंपनीने ज्या कामासाठी भाग घडवला त्या कामासाठी तो वापरायचाच नाही, यात एक वेगळीच मजा असते. बघणारा आधी आकृती बघतो आणि मग ओळखतो, अरे, हा तर मुखवटा!

मालिका मात्र थांबली. २००३ आणि २००४ ही कंपनीच्या मोठ्या तोट्याची वर्षं, आणि त्या काळात बायोनिकल ही चांगली खपणारी मालिका होती. तरी २०१० मध्ये तिचे शेवटचे संच आले. तिच्या जागी आलेल्या ‘हीरो फॅक्टरी’ने २०११ पासून नवी पद्धत आणली: आत हाडासारखा सांगाडा, वर दाबून बसवायची कवचं. २०१५ मध्ये बायोनिकल याच पद्धतीने परत आली आणि २०१६ मध्ये पुन्हा बंद झाली. एकच खेळणं दोनदा संपलं.

बरं, बांधणारे थांबले का? नाही थांबले. आज त्यांच्यातले बरेच जण तिशी ओलांडलेले आहेत, नोकरी-संसार सांभाळून रात्री टेबलावर सुटे भाग पसरून बसतात. पण त्यांच्या कामाचं अर्थकारण बदललं, आणि आमच्या मते खरा प्रश्न इथेच आहे. दांडे आणि खुंट्या आजही कारखान्यातून निघतात. जुने मुखवटे, तोआंचे हात-पाय, चिलखतं निघत नाहीत. म्हणजे अर्धी भाषा जिवंत आहे आणि उरलेल्या अर्ध्या भाषेत नवा शब्द येणार नाही. आहे तो साठाही टिकाऊ नाही. २००८ च्या आसपासचे पोपटी हिरव्या रंगाचे सांधे नुसते जोडताना तडकतात, ही चाहत्यांमध्ये सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे.

त्यामुळे प्रत्येक बांधणाऱ्यापुढे एक पेच उभा राहतो. पूर्ण, डब्यासकट असलेला जुना संच जपायचा की मोडून त्यातून नवं बांधायचं? संग्राहक म्हणतो, मोडू नका, असे संच आता फार राहिले नाहीत. बांधणारा म्हणतो, कपाटात ठेवायचं होतं तर सांधे फिरते कशाला केले? काही जण हरवलेला किंवा कधी नसलेला भाग थ्री-डी प्रिंटरवर काढून घेतात, तर काहींना ते मान्य नसतं. कारखान्याने जेवढं दिलं तेवढ्यातच बांधायचं, हा त्यांचा नियम. दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात आणखी एक अडचण दिसते. नवी आकृती बांधायला जुनीचेच भाग लागतात. त्यामुळे उत्तम मॉक फोटो काढून झाला की पुष्कळदा सुटं केलं जातं. वस्तू राहत नाही, फोटो राहतो. गोधडीत निदान जुन्या लुगड्याचा काठ दिसतो. इथे आधीच्या आकृतीची खूणही उरत नाही. मात्र वस्तू हाताशी असेल तर ती बोलते. २००४ च्या सुमारास कंपनीने आपला करडा रंग बदलून जरा निळसर केला. एकाच आकृतीत दोन्ही करडे दिसले, की दोन काळांतले संच तिच्यासाठी मोडले आहेत हे कळतं. खापरांच्या थरांवरून काळ ठरवतात, तसंच हे.

कंपनीला या सगळ्याची जाणीव नाही असंही नाही. बिलुंडमध्ये २०१७ साली उघडलेल्या लेगो हाऊसमध्ये चाहत्यांनी बांधलेल्या कृतींसाठी स्वतंत्र दालन आहे. २०२३ मध्ये ताहू आणि ताकुआ या बायोनिकलमधल्या दोन पात्रांचा छोटा संच खरेदीबरोबर भेट म्हणून दिला गेला. पण तो साध्या विटांचा होता. पात्रं परत आली, त्यांचे जुने हात-पाय आले नाहीत.

मग आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काय? बायोनिकलचं उत्पादन, मधल्या खंडासह, दीडेक दशकात संपलं. तिच्या वापराचा इतिहास पाव शतक ओलांडून चालूच आहे, आणि तो कंपनीच्या दप्तरात सापडणार नाही. तो लोकांच्या टेबलांवर, जुन्या डब्यांत आणि फोटोंत विखुरलेला आहे. संच जपणारे पुष्कळ आहेत. आता बांधणाऱ्यांनीही मोडण्याआधी दोन ओळी लिहून ठेवाव्यात, एवढंच आमचं म्हणणं आहे: कोणता भाग कुठून घेतला, सांधा कसा बसवला, काय जमलं नाही. सुटे भाग पुढच्या आकृतीत जातील, जाऊ देत. निदान ती बांधली कशी होती, हे मागे राहील.

तुमच्या घरी माळ्यावर अशी एखादी पेटी असेल तर या आठवड्यात खाली काढून बघा. पुढच्या वेळी प्रश्नांसाठी जास्त वेळ ठेवू.