कुस्कोचा सापान्तियाना जलसेतू : पाणी, सत्ता आणि देखभालीचा इतिहास

प्रस्तावना

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, अँडीज पर्वतराजीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर कुस्को हे शहर वसलेले आहे. इंका साम्राज्याची ही राजधानी नोव्हेंबर १५३३ मध्ये स्पॅनिशांच्या हाती गेली. १९८३ साली युनेस्कोने या शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. कुस्कोला येणारा प्रवासी प्रामुख्याने कोरिकान्चा, साक्सायवामान आणि बारा कोनांचा प्रसिद्ध दगड पाहतो. सान ब्लास वस्तीच्या बाजूने, चोकेचाका रस्ता चढून ओढ्याच्या घळीत गेल्यास सापान्तियाना नावाचा वसाहतकालीन जलसेतू दिसतो. तेथवर जाणाऱ्यांची संख्या तुलनेने कमी असते. आणि जाणारेही बहुधा कमानींचे छायाचित्र घेऊन परततात.

या वास्तूचे वाचन इतिहासाच्या अभ्यासकाने कसे करावे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. जलसेतू म्हणजे केवळ दगडी बांधकाम नव्हे. उगम, पाट, वाटपाचा नियम आणि देखभालीचे श्रम या चार घटकांनी बनलेल्या व्यवस्थेचा तो एक दृश्य भाग होय. उर्वरित भाग दृष्टीआड असल्याने तो इतिहासलेखनातूनही निसटतो, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

वास्तूचे स्वरूप

सापान्तियानाचे बांधकाम भरड दगड व चुन्याचे असून घळीच्या उताराला अनुसरून कमानींचे मजले एकावर एक रचलेले आहेत. इंका स्थापत्याशी परिचित असलेल्या पाहुण्याला येथील फरक तत्काळ जाणवतो. इंका कारागिरांनी खरी कमान वापरली नाही. त्यांची दारे व कोनाडे समलंब आकाराचे असून राजवाडे व मंदिरे यांच्या भिंतींतील घडीव दगड चुन्याविना एकमेकांत घट्ट बसविलेले आहेत. कमान व चुना ही स्पॅनिशांनी आणलेली तंत्रे होत. या तंत्रांमागे रोमन आणि अरब अशा दोन्ही जलपरंपरा उभ्या आहेत. पाटासाठी स्पॅनिश भाषेत रूढ असलेला 'असेकिया' हा शब्द मूळ अरबी 'साकिया'वरून आलेला आहे, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

यावरून वसाहतकर्त्यांनी कुस्कोला पाणीपुरवठ्याची विद्या दिली, असा निष्कर्ष कोणी काढील. कागदपत्रांचा पुरावा मात्र वेगळे चित्र उभे करतो.

पूर्वपीठिका : इंकाकालीन पाणी

कुस्कोत वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग डिसेंबर ते मार्च या काळात येतो. जून ते ऑगस्ट हे महिने जवळजवळ कोरडे जातात. साहजिकच झऱ्यांचे पाणी राखणे आणि ते पाटाने आणणे ही या शहराच्या अस्तित्वाचीच अट होती. इंकांनी साफी व तुल्युमायो या दोन प्रवाहांना दगडी काठ बांधून शहरातून वाहते केले. या दोन प्रवाहांमध्ये नगराचा गाभा वसलेला होता. कुस्कोत १५३९ मध्ये जन्मलेल्या इंका गार्सिलासो दे ला व्हेगा याने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शहरातील प्रवाहाच्या फरसबंद तळाचे आणि बांधीव काठांचे वर्णन केले आहे.

पेद्रो सार्मियेन्तो दे गांबोआ याने १५७२ मध्ये लिहिलेल्या इतिहासातील एक नोंद याहून महत्त्वाची आहे. इंका रोका या राजाने हानान चाकान आणि हुरिन चाकान, म्हणजे वरची व खालची, ही पाणी शोधून पाटाने आणली. आणि त्याचे वंशज लेखकाच्या काळापर्यंत त्या पाण्याचा उपभोग घेत होते, असे तो सांगतो. हा इतिहास व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याच्या आज्ञेवरून, इंका राजे हे अन्यायी बळकावणारे होते असे सिद्ध करण्यासाठी लिहिला गेला होता. अशा प्रतिकूल साधनातही राजकुलाचा पाण्यावरील वारसाहक्क नोंदला जावा, यातच त्या हक्काचे बळ दिसून येते.

पाण्याचा हा हक्क धर्मव्यवस्थेतही गुंफलेला होता. बेर्नाबे कोबो या जेझुइट लेखकाने सतराव्या शतकाच्या मध्यास कुस्कोभोवतीच्या सव्वातीनशेहून अधिक पवित्र स्थानांची, म्हणजे 'वाकां'ची, यादी दिली आहे. ही स्थाने शहराच्या केंद्रातून निघणाऱ्या 'सेके' नावाच्या कल्पित रेषांवर मांडलेली होती. त्यांत झरे व पाण्याचे उगम यांचे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक आहे. प्रत्येक रेषेची पूजा विशिष्ट कुलाकडे वा समूहाकडे सोपविलेली असे. जॅनेट शेर्बोंडी यांनी १९८२ च्या आपल्या प्रबंधात हानान कुस्कोच्या पाटांचा अभ्यास करून पाट, जमीन व कुलांचे हक्क यांचा परस्परसंबंध दाखवून दिला. झऱ्याची पूजा करणारा समूह एका अर्थी त्या झऱ्याचा राखणदारही होता.

वसाहतकालीन स्थित्यंतर

पाण्याचे हे ज्ञान युद्धातही उपयोगी पडले. मान्को इंकाने १५३६ मध्ये कुस्कोला वेढा घातला. पुढे ओयान्ताइतांबो येथे स्पॅनिश तुकडी चालून आली, तेव्हा त्याच्या सैन्याने पाटांचे पाणी मैदानात सोडून घोडदळाची गती रोखली. ज्याला पाट ठाऊक, त्याची जमिनीवर सत्ता, हा धडा विजेत्यांच्याही ध्यानात आला असल्यास नवल नाही.

स्पॅनिश सत्ता स्थिरावल्यानंतर वाकांची पूजा निषिद्ध ठरली. पोलो दे ओन्देगार्दो याने कुस्कोचा कोरेहिदोर असताना १५५९ च्या सुमारास राजकुलांनी जपलेले पूर्वजांचे मृतदेह शोधून ताब्यात घेतले. ज्या विधींतून कुलांचे पाण्याशी असलेले नाते वर्षानुवर्षे नवे होत असे, ते विधी अशा रीतीने तोडले गेले. शहराच्या पाण्याचा कारभार नगरसभेच्या, म्हणजे काबिल्दोच्या, कक्षेत आला. चौकातील कारंजे व मठांची अंगणे ही पाण्याची नवी मुक्कामस्थाने झाली. इंकाकाळी तोकोकाची म्हणून ओळखला जाणारा भाग सान ब्लास या नावाने इंडियन लोकांची वस्ती ठरला.

सापान्तियानाच्या कमानींकडे या संदर्भात पाहिले पाहिजे. कमान नवी होती. परंतु घळ, ओढा आणि उताराचा अंदाज ही पूर्वीचीच होती. वसाहतकाळातील सार्वजनिक बांधकामे मुख्यत्वे स्थानिक श्रमिकांच्या बळावर उभी राहत असत. इंकांची 'मिता' ही पाळीपाळीने श्रम देण्याची पद्धत होती आणि त्या बदल्यात राज्य अन्न व संरक्षण देई. हा परस्परभाव इंकाकाळीही विषम होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि स्पॅनिशांनी नाव तेच ठेवून परतफेडीचा अंश जवळपास काढून टाकला. तोलेदोने १५७३ पासून पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी लादलेली मिता हे त्याचे सर्वांत कठोर उदाहरण होय. शब्द टिकला, करार मात्र मोडला.

देखभालीचा प्रश्न

कोणताही पाट गाळाने भरतो, काठ खचतात, चुना सुटतो. कुस्कोला भूकंपाचाही धोका आहे. ३१ मार्च १६५० आणि २१ मे १९५० या दोन भूकंपांनी शहराची मोठी हानी केली. अशा प्रदेशात जलव्यवस्था एकदा बांधली म्हणजे झाले, असे कधीच नसते. ती दरवर्षी पुन्हा उभी करावी लागते. अँडीजमधील अनेक गावांत पाट साफ करण्याचा वार्षिक उत्सव आजही होतो. केचुआ भाषेत त्याला 'यार्का आस्पिय' म्हणतात. त्या दिवशी श्रम, भोजन, नृत्य आणि भूमातेला अर्पण हे सारे एकत्र असते. ज्याने सफाईत हात लावला, त्याला पाण्याची पाळी मिळते.

पेरूच्याच आन्काश प्रांतातील कोरोंगो येथील 'पाण्याच्या न्यायाधीशां'ची प्रथा युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त वारसा म्हणून नोंदविली. आपल्याकडील पाटकऱ्याशी काहीसे साम्य असलेले हे पद असले, तरी त्याला सामाजिक प्रतिष्ठा अधिक आहे. पदाचे नाव स्पॅनिश आहे. प्रथेचे मूळ मात्र इंकापूर्व काळापर्यंत मागे नेले जाते. अर्थात वसाहतकाळाने सर्व काही पुसून टाकले, हे म्हणणेही एकांगी ठरेल. नव्या नावाच्या आश्रयाने जुनी व्यवस्था काही ठिकाणी तग धरून राहिली.

कुस्को शहराला आज मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा चिंचेरोजवळील पियुराय सरोवरातून येतो. २०१३ साली शहराच्या पाणीपट्टीतील काही भाग त्या सरोवराच्या पाणलोट क्षेत्राच्या जतनासाठी राखून ठेवण्यास मान्यता मिळाली. उगमाजवळच्या शेतकऱ्यांचे ऋण शहराने मान्य करावे, हे जुनेच तत्त्व येथे हिशेबाच्या भाषेत परत आले आहे.

समारोप

सापान्तियानाच्या कमानी जतन झाल्या, ही समाधानाची बाब आहे. परंतु जे जतन झाले ते दगड. ते पाणी कोणाच्या पाळीने वाहत होते आणि गाळ कोणी काढला, याची नोंद तेथे नाही. आपल्या अभ्यासक्रमांतही जलवास्तू राजाच्या वा राजवटीच्या नावाने शिकविल्या जातात आणि बांधकामाचे वर्ष सांगून विषय संपतो. वास्तविक बांधकाम काही वर्षांचे असते, देखभाल काही शतकांची. पाणी कोठून आले, प्रथम कोणाला मिळाले, शेवटी कोणाला मिळाले आणि पाट कोणी साफ ठेवला, हे चार प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावयास शिकविल्यास अशा वास्तूंच्या भेटी सहलीपुरत्या उरणार नाहीत. कमानीवरून नजर काढून ती वरच्या अंगाला, उगमाकडे आणि तेथे राबणाऱ्या हातांकडे वळविणे, हे जलवास्तूंच्या इतिहासाचे पहिले कर्तव्य होय.