पाचशे पौंडांची खिडकी

‘हॉस्पिस’ हा शब्द मूळचा यात्रेकरूंच्या धर्मशाळेचा. थकल्याभागल्या वाटसरूला जेथे भाकर आणि विसावा मिळे, ते हॉस्पिस. मरणोन्मुख रुग्णांच्या आश्रयस्थानाला हे नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. आयरिश सिस्टर्स ऑफ चॅरिटी या संघाच्या धर्मभगिनींनी १८७९ साली डब्लिन येथे आणि १९०५ साली लंडनच्या हॅकनी भागात अशी घरे उघडली.

हॅकनीच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये १९५८ साली डॉ. सिसिली साँडर्स रुजू झाल्या. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर, असा त्यांचा प्रवास. १९४८ साली डेव्हिड तास्मा या पोलिश ज्यू निर्वासिताच्या अखेरच्या आजारात त्या त्याच्याजवळ बसत, त्याचे बोलणे ऐकत. कर्करोगाने मरण पावलेल्या त्या एकाकी माणसाने त्यांच्या भावी सेवागृहातील एका खिडकीसाठी पाचशे पौंड मागे ठेवले. एकोणीस वर्षांनी, १९६७ मध्ये, लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे राहिले. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी मॉर्फिन द्यावे, आणि देहाबरोबरच मनाचे, संसाराचे व आत्म्याचे दुःखही जाणून घ्यावे, ही त्यांची शिकवण.

ख्रिस्तसभेची भूमिकाही या सेवेला पोषक होती. वेदनाशमन हाच हेतू असेल, तर औषधाने आयुष्य काहीसे घटण्याचा संभव असला तरी ते देता येते. तसेच असाधारण उपायांनी जीव धरून ठेवण्याचे बंधन कोणावर नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले. जीव घेणे मात्र सदैव निषिद्धच.

हा प्रवाह १९८६ साली मुंबईत पोहोचला. वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस स्थापन केले.

या इतिहासाचा गाभा इमारतींत नाही, रुग्णाला वेळीच विचारण्यात आहे. आपल्या घरांत मात्र ‘त्यांना काही सांगू नका’ अशी कुजबुज चालते. बहुधा रुग्णाला सारे उमगलेले असते. तो आपल्यासाठी गप्प राहतो. मग शुद्ध हरपल्यावर अतिदक्षता विभागाच्या दाराशी भावंडांत वाद होतात. शेवटचे दिवस घरी काढायचे की रुग्णालयात? कृत्रिम श्वासयंत्र हवे का? आपल्या वतीने कोणी बोलावे? रुग्णाभ्यंगासाठी फादरना केव्हा बोलवावे? हे प्रश्न वाचा शाबूत असतानाच विचारावेत.

आता कायद्याचाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते.

अशी तरतूद करणे म्हणजे आशा सोडणे नव्हे. निघण्यापूर्वी घरच्यांशी चार शब्द बोलून घेणे, ही तर यात्रेकरूची जुनीच रीत आहे.