ड्रायव्हरची सीट: सहलीच्या हंगामामागचा वैद्यकीय इतिहास

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या शहरात परगावच्या टुरिस्ट बस दिसू लागतात. डिसेंबरात शाळांच्या सहली त्यात भर घालतात. मकबरा, पाणचक्की, दौलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ हे सगळे एका दिवसात, आणि दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटरवरचा अजिंठा. आपल्या गारखेड्यातूनही पहाटे सोसायट्यांच्या, भिशी मंडळांच्या बस निघतात. निघताना आपण पाणी, खाऊ, औषधे सगळे तपासून घेतो. पण ज्याच्या हातात चाळीस-पन्नास जीव असतात, तो ड्रायव्हर रात्री किती तास झोपला, हे आपण विचारतो का?

हा प्रश्न वैद्यकीय आहे आणि त्याला चांगला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

एकच बस, दोन माणसे

आपले शहर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. पलीकडे मुंबई प्रांतात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. पुढे मराठवाड्याची बससेवाही एसटीत सामील झाली. या सगळ्या बसमध्ये एक गोष्ट सारखी होती: एक माणूस बसून काम करायचा, दुसरा उभा राहून.

याच साध्या फरकाकडे लंडनमध्ये एका डॉक्टरचे लक्ष गेले. त्यांचे नाव जेरी मॉरिस. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण वाढत चालले होते आणि कारण नीट कळत नव्हते. माणसाच्या कामाशी त्याचा संबंध असेल का, हे पाहण्यासाठी मॉरिस यांनी १९४९ पासून लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांची माहिती तपासायला घेतली.

लंडनची बस दुमजली. कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर वर-खाली करायचा, रोज साधारण ५०० ते ७५० पायऱ्या. ड्रायव्हर मात्र पाळीतला जवळजवळ ९० टक्के वेळ बसून. शहर तेच, बस तीच, पगाराची पातळीही फार वेगळी नाही. तरीही ड्रायव्हरांच्या तुलनेत कंडक्टरांमध्ये हृदयविकार स्पष्टपणे कमी होता. आणि झाला, तरी अचानक मृत्यूचे प्रमाण कमी होते. १९५३ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तोवर हृदयरोग्याला विश्रांती सांगायची, एवढेच डॉक्टरांना ठाऊक होते. हालचाल हृदयाचे रक्षण करते, हा आज घरोघरी माहीत असलेला विचार या बसमधून पुढे आला.

मॉरिस तिथे थांबले नाहीत. मुळात जाड माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? ही शंका त्यांनी स्वतःच घेतली आणि कंपनीकडून गणवेशाच्या पँटच्या मापांची नोंद मागवली. तरुण वयापासूनच ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा जास्त निघाला. १९५६ मध्ये त्यांनी हेही प्रसिद्ध केले. मात्र सगळा फरक केवळ घेरामुळे पडत नाही, असे पुढच्या अभ्यासातून दिसले. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करू लागले. ते ९९ वर्षे जगले.

आता आजच्या टुरिस्ट बसकडे पाहा. कंडक्टर नाही. ड्रायव्हर आहे, आणि तो पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसून आहे. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा पाच-दहा वर्षे आधी गाठतो, तेव्हा चाळिशीतल्या ड्रायव्हरलाही सावध राहायला हवे.

कायद्याने झोपेचा हिशेब मांडला

१९६१ मध्ये भारतात मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची सुट्टी. गंमत म्हणजे सणासुदीची गर्दी कायदा करणाऱ्यांच्याही डोळ्यांसमोर होती. लांब पल्ल्याच्या मार्गांवर आणि सणावारी परवानगीने जादा काम करून घेता येईल, पण कोणत्याही परिस्थितीत दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा त्यांनी घातली. हा कायदा आता २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. पण डॉक्टर म्हणून मला विचाराल, तर हे जुने आकडे आजही लिहून द्यावेत असेच आहेत.

का, ते १९९७ च्या एका प्रयोगाने सांगितले. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी जागरणाची तुलना दारूशी केली. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्याकडे गाडी चालवताना कायदेशीर मर्यादा आहे ०.०३ टक्के.

हिशेब करून पाहा. पहाटे साडेचारला उठलेल्या ड्रायव्हरचे १७ तास रात्री साडेनऊला पूर्ण होतात. अजिंठ्याहून परतताना वाटेत जेवायला थांबलो की हीच वेळ होते. आणि हंगामात पुष्कळदा त्याच माणसाला तीच बस घेऊन रात्रीच्या पुण्याच्या फेरीवर जायचे असते. त्याने थेंबभरही दारू घेतलेली नसते.

तुम्ही काय करू शकता?

बस ठरवताना तीन गोष्टी विचारा. आदल्या रात्री हा ड्रायव्हर कुठे होता? रात्रीचा प्रवास असेल तर दुसरा ड्रायव्हर आहे का? मुक्कामी तो कुठे झोपणार? पुष्कळ ठिकाणी त्याची सोय नसते आणि तो बसमध्येच, डासांत पडून राहतो. चाळीस जणांत एका खोलीचा खर्च वाटला तर माणशी किती येईल?

मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत शरीराचे घड्याळच झोप मागते. त्या वेळेत प्रवास टाळा. आणि दौलताबादला रांगेत तासभर गेला असेल, तर "आणखी एक पॉइंट करूया" हा आग्रह सोडा.

ड्रायव्हर बंधूंनो, तुम्ही किंवा तुमच्या घरचे हे वाचत असाल तर:

• प्रवासी लेणी पाहत असताना वीस मिनिटे झोपा आणि पंधरा मिनिटे चाला.

• लघवीला थांबता येत नाही म्हणून पाणी तोडू नका. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवते म्हणून मनाने बंदही करू नका. वेळ बदलून देता येते, डॉक्टरांना विचारा.

• सर्दी-खाजेच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. दुकानातून घेताना "मी गाडी चालवतो" हे सांगा.

• इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या घेत असाल तर जेवण चुकवू नका. साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते.

• मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंग येणे हा झोपेत श्वास अडखळण्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत.

• छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ आली की गॅस समजून पुढे जाऊ नका. बस कडेला घ्या, १०८ ला फोन करा.

मॉरिस यांच्या अभ्यासातून आपण सगळे चालायला शिकलो. सकाळी गारखेड्याच्या क्रीडा संकुलात फेऱ्या मारणाऱ्यांची गर्दी पाहा. ज्या ड्रायव्हरांच्या आजारपणातून हे ज्ञान मिळाले, त्यांच्याच वाट्याला ते सर्वांत कमी आले. या सुट्टीत निघताना निदान एवढे करा: बसच्या पहिल्या पायरीवर त्याला विचारा, "दादा, झोप झाली का?" उत्तर "नाही" आले, तर तासभर उशिरा निघा.