विद्यापीठ घरी येते तेव्हा : जालना जिल्हा आणि ऑनलाइन शिक्षणाच्या पूर्वअटी

१/ ऑनलाइन पदवीच्या माहितीपत्रकात शैक्षणिक पात्रतेखाली आणखी एक यादी असते : संगणक, कॅमेरा, मायक्रोफोन, ब्रॉडबँड, ईमेल. यादी तांत्रिक भासते. पण जालना जिल्ह्यातून पाहिल्यास तिच्यात एक जुना प्रश्न दडलेला दिसतो. शिक्षणाच्या साधनांचा खर्च कोणी उचलायचा? 🧵

२/ १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतील तालुके एकत्र येऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. विद्यापीठ मात्र १९५८ पासून औरंगाबादेत. भोकरदन वा मंठ्याकडच्या ज्या तरुणाला शेती आणि घर सोडून महाविद्यालयाचे गाव गाठणे शक्य नसे, त्याचे शिक्षण तिथेच थांबे.

३/ १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. उच्च शिक्षण थेट घरात पोहोचू लागले, पण त्यासाठी घरात दूरचित्रवाणी संच, वीज आणि इंग्रजीची समज हवी होती. घरच्या उपकरणाची अट इथूनच दिसू लागते.

४/ १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याची वाट निराळी होती : मराठीतील स्वयं-अध्ययन पुस्तके, स्थानिक महाविद्यालयांतील अभ्यासकेंद्रे, संपर्कसत्रे. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमही होता. या पद्धतीचा कणा पुस्तक होते, यंत्र नव्हते.

५/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेही आधी महानगरांत. पुढे डायल-अपचा वेग ५६ केबीपीएसपर्यंत गेला. तो पूर्ण मिळाला तरी तासाला जेमतेम २५ एमबी उतरत. २०० एमबीच्या एका व्याख्यानाला आठ तास लागले असते.

६/ २००१ मध्ये एमकेसीएल आणि एमएस-सीआयटी आले. तालुक्याच्या गावांत संगणक केंद्रे उघडली. इथे विद्यार्थी यंत्राकडे जाई. शुल्क त्याचे, पण संगणक, इन्व्हर्टर आणि दुरुस्ती ही केंद्राची जबाबदारी होती. तासन्‌तासांच्या भारनियमनाच्या त्या काळात हा फरक मोठा होता.

७/ सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' हे संकेतस्थळ आणि 'स्वयम् प्रभा'च्या ३२ डीटीएच वाहिन्या सुरू झाल्या. इंटरनेट नसलेल्या घरांसाठी छतावरची डिश हा पर्याय शासनाने सोबतच दिला, ही बाब बोलकी आहे.

८/ कारण त्याच काळातील, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्क्यांकडे संगणक होता. इंटरनेटची सोय १४.९ टक्क्यांना होती. २०११ च्या जनगणनेनुसार जालन्यातील दर पाचपैकी चार माणसे ग्रामीण भागात राहतात.

९/ मार्च २०२०. टाळेबंदी लागली आणि वर्ग मोबाइलमध्ये आला. एक मेगाबिट वेगाचा व्हिडिओ तासाला सुमारे ४५० एमबी खातो. चार तासिका म्हणजे १.८ जीबी; रोजच्या दीड जीबीच्या पॅकपेक्षा जास्त. घरात दोन भावंडे आणि फोन एक असेल, तर हिशेब त्याआधीच चुके.

१०/ २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अंतिम वर्षाच्या परीक्षेविना पदवी देता येणार नाही. राज्यातील विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या. इतके दिवस अभ्यासाचे साधन असलेली 'रेंज' आता परीक्षेची अट झाली.

११/ ४ सप्टेंबर २०२० च्या विनियमांनी ऑनलाइन पदवीला नवी नियमचौकट दिली. २०२१ पासून अभ्यासक्रमाचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'वरून घेता येतात. व्याख्यान फोनवर ऐकता येते. पण प्रकल्प लिहिणे, संख्याशास्त्राचे तक्ते करणे वा प्रोग्रॅम रचणे यांसाठी संगणकच लागतो.

१२/ महाविद्यालयात इमारत, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेचा भार संस्था उचलते. विद्यापीठ घरी आले, तेव्हा त्या भाराचा एक वाटा निमूटपणे विद्यार्थ्याच्या घरावर सरकला. एसटीचे भाडे वाचले, रिचार्ज वाढला. म्हणूनच तालुक्यातील अभ्यासकेंद्र, संगणक कक्ष आणि ग्रंथालय कालबाह्य ठरलेले नाही. ज्या घरात ती यादी पूर्ण होत नाही, त्या घरासाठी विद्यापीठाचे दार आजही तेच आहे.